निळ्या क्लबाची पितळी बटणं

मार्तीझ आकडे पुकारायला लागली की आमच्या बँड क्लबातल्या बहिऱ्या बायकांनासुद्धा ऐकू येतं. "अकरा! फादरचे वाळके पाय!" असं ती ओरडते, आणि फादर समोरच ग्लासातला चहा पीत बसलेले असतात. ते हसतात. तिच्यावर कुणी रागवत नाही. दर शनिवारी दुपारी आमचा तोंबला असतो. तिकिटं घ्यायची, वालाच्या बियांची वाटी जवळ ओढायची, आकडा आला की त्याच्यावर बी ठेवायची, ओळ भरली की किंचाळायचं. आधी कोण किंचाळलं यावरून मग भांडायचं. यातून जे सुटतं त्यावर क्लबाचा बँड चालतो.

शनिवारची ही मार्तीझ बाकीचे दिवस समुद्राकाठच्या एका काचेच्या इमारतीत जाते. तिथे जुगाराची वेबसाइट आहे. आमच्या बेटावर याचं आता कुणाला काही वाटत नाही. नवऱ्यांनी गोदीत हाडं झिजवली, मुलं हॉटेलात लागली, नातवंडं काचेच्या इमारतीत गेली. माझी नात रामोनाही मार्तीझच्याच हाताखाली आहे. म्हणून तर त्या इमारतीतलं मला इतकं कळतं, नाहीतर चौथीत शाळा सोडलेल्या बाईला कोण आत घेणार!

मार्तीझची आई माझी शेजारीण. आई गेली तेव्हा ही एका हॉटेलच्या काउंटरवर खोल्यांच्या किल्ल्या द्यायची. कोण बायकोशी भांडून आलाय, कोण बिल न देता सटकणार आहे, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. तिथून ती वेबसाइटमध्ये गेली आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी चेत्ता, गावातल्या सगळ्या पोरींची नन्ना, म्हणजे आजी.

"नन्ना चेत्ता, तिथे चेहरेच नाहीत गं. नुसती नावं. तीही खोटी."

"मग तू करतेस काय?"

"माणूस खेळला की त्याला पॉइंट द्यायचे. पॉइंट साठले की तो चांदीचा होतो, आणखी साठले की सोन्याचा. सोन्याच्या माणसाला वाढदिवसाला भेट, ख्रिसमसला भेट."

"आणि हरला तर?"

"हरला तरी पॉइंट मिळतात."

"म्हणजे हरल्याबद्दल बक्षीस?"

ती हसत सुटली. "नन्ना, तू आमच्या मीटिंगला ये. तिथे इतकं सरळ कुणी बोलत नाही."

हा पॉइंटांचा विभाग तिनेच उभा केला. आधी ती एकटी होती, मग चार मुली हाताशी घेतल्या, त्यातली एक माझी रामोना. तिने मुलींना शिकवलं, दोघींची लग्नं मार्गी लावली, एकीचं मोडलं तेव्हा तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. त्या टेबलाकडे ती अशी बघायची, जशी तिची आई अंगणातल्या लिंबोणीकडे बघायची.

मग तिकडे नवा साहेब आला. स्वीडनचा, हाकन नावाचा, उंच आणि मवाळ. आवाज कधी चढवायचा नाही. त्याने मार्तीझला बोलावून विचारलं, "आपण एवढ्या भेटी वाटतो. त्यातून वेबसाइटला फायदा होतो की नाही?"

"होतो की," ही म्हणाली. "पॉइंटवाले लोक बिनपॉइंटवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त खेळतात."

"ते पॉइंटांमुळे जास्त खेळतात, की जास्त खेळतात म्हणून त्यांच्याकडे पॉइंट आहेत?"

 "हे आम्ही कधी तपासलंच नाही," मार्तीझने कबूल केलं. हाकन म्हणाला, उन्हाळा संपेपर्यंत शोधून सांग. फायदा होत असेल तर विभाग वाढवू, तू त्याची प्रमुख. होत नसेल तर विभाग बंद.

म्हणजे पाचजणींच्या नोकऱ्या. आणि हे उत्तर शोधणार कोण, तर त्या पाचजणींतली पहिली!

त्याच सुमाराला आमच्या क्लबाचे अध्यक्ष विस्तिन, मानाने सुर विस्तिन, रडत होते. ते नेहमीच रडतात, पण या वेळी कारण होतं. तोंबल्याला माणसं कमी होत चालली होती. आमच्या गावात दोन बँड क्लब आहेत, चौकाच्या या बाजूला आमचा निळा, त्या बाजूला लाल. माणूस निळा किंवा लाल जन्मतो आणि तसाच मरतो. माझी एक बहीण लालवाल्याशी लग्न करून गेली, तिच्याविषयी माझी आई अजूनही... असो, आई आता नाही. तर लालवाल्यांनी त्यांच्या तोंबल्याला फुकट पस्तीत्सी ठेवायला सुरुवात केली होती. गरम, चीज भरलेली. आमचे काही अशक्त मनाचे लोक तिकडे वास घेताना दिसले होते.

"मार्तीझ, पोरी," सुर विस्तिन म्हणाले, "तू एवढी पॉइंटांची मोठी बाई. आपल्यालाही लाव ना काहीतरी."

ती नको म्हणणार होती. मग तिच्या डोक्यात आलं, की काचेच्या इमारतीत चेहरे दिसत नाहीत, पण इथे तर एकूण एक चेहरा ओळखीचा. पॉइंट दिल्यावर माणसाचं काय होतं ते इथे दिसेल. तसं तिने मला सांगितलंसुद्धा.

आता पॉइंट म्हणून द्यायचं काय? क्लबाच्या माळ्यावर एक पोतं पडलं होतं. बँडचे जुने गणवेश काढून टाकले तेव्हा त्यांची पितळी बटणं उतरवून ठेवलेली. प्रत्येकावर आमच्या क्लबाचं चिन्ह कोरलेलं. मार्तीझने ती लिंबू लावून घासली, आणि ठरलं. एका तिकिटामागे एक बटण. ओंजळभर साठली की आणून द्या आणि भेट घेऊन जा. कॉफीचे कप, डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा, आणि सगळ्यांत वर मिक्सर.

पहिल्या शनिवारी बटणं हातात पडली आणि सगळ्या म्हाताऱ्या एकदम लहान झाल्या. जी दोन तिकिटं घ्यायची तिने तीन घेतली. गल्ला वाढला. सुर विस्तिन मला म्हणाले, "चेत्ता, हे आधीच का नाही सुचलं आपल्याला?"

"आपल्याला कधी काय सुचलंय, सुर विस्तिन?"

महिनाभराने एक गंमत मार्तीझच्या ध्यानात आली. भेट न्यायला आमच्यातलं कुणीच येत नव्हतं. मांसाचा तुकडा तसाच. मिक्सर तसाच. तिने मला विचारलं, "नन्ना, तुझी ओंजळ भरली असेल की आता. देत का नाहीस?"

"द्यायची? ही बटणं? माझ्या काकाच्या छातीवरची असतील यातली. तुझ्या कपांसाठी काकाची बटणं परत करू?"

सगळ्यांचं तेच. कुणी देव्हाऱ्यातल्या संताच्या पायाशी ठेवली, कुणी माळ केली. माझी साखरेच्या जुन्या डब्यात आहेत. मार्तीझने कपाळावर हात मारला आणि खुर्चीत बसून पोट धरून हसली. "जगात असा पॉइंट कुणी काढला नसेल! घेतात, पण वापरत नाहीत!"

भेटी नेल्या त्या लालवाल्यांनी. हो, लालवाले आमच्या क्लबात आले! चौक ओलांडून, खाली मान घालून, पण आले. शनिवारी तिकिटं घेतली, आमची बटणं घेतली, ओंजळ भरताच कप आणि मांस उचललं, आणि गेले. जाताना एकाने तर दारात थांबून मला विचारलं, "चहात दूध जरा कमीच घालता वाटतं तुम्ही लोक?"

सुर विस्तिन तरीही खूश. "लालवाले आपल्याकडे खेळतायत! जिंकलो आपण!"

काय जिंकलो ते जूनमध्ये कळलं. लालवाल्यांच्या संताचं फेस्त, म्हणजे वर्षाचा उत्सव होता. त्या दिवशी सकाळी त्यांचा बँड गावभर वाजत फिरतो आणि आमच्या क्लबासमोर आला की मुद्दाम थांबून आमच्यावर रचलेली गाणी म्हणतो. आमच्या फेस्ताला आम्ही तेच करतो, त्यामुळे तक्रार नाही. पण या वेळी मिरवणुकीच्या पुढे एक गाढव होतं. गाढवाला निळा कोट शिवलेला, आणि त्या कोटावर दोन रांगांत आमची बटणं, घासूनपुसून लखलखीत. सगळी बटणं त्यांनी भेटींसाठी दिली नव्हती तर! खोटं कशाला बोलू, गाढव देखणं दिसत होतं. आमच्या क्लबाच्या गच्चीत उभ्या असलेल्या सुर विस्तिनना मात्र धरून खाली आणावं लागलं.

"माझ्या आजोबांची बटणं! गाढवावर!"

"तुमच्या आजोबांनाही तो कोट जरा घट्टच व्हायचा," मी म्हटलं, पण ते ऐकण्याच्या अवस्थेत नव्हते.

त्यानंतर लालवाले यायचे बंद झाले. त्यांना हवं ते मिळालं होतं. आमची माणसं पुन्हा दोन तिकिटांवर आली, बटणांचं नवेपण सरलं होतं. आणि तरी गल्ला पहिल्यापेक्षा जास्तच भरत होता. सुर विस्तिन म्हणाले, "बघ! गाढव झालं तरी पॉइंट फायद्याचे ते फायद्याचेच!"

मार्तीझला तेच उत्तर हवं होतं. तेच तिने हाकनला नेऊन दिलं असतं तर पाचही टेबलं शाबूत राहिली असती, आणि ती प्रमुख. पण तिला चेहरे बघायची खोड. त्या शनिवारी आकडे पुकारता पुकारता ती एकेकीच्या पुढ्यातली तिकिटं बघत गेली. मी, दोन. माझ्या शेजारची, दोन. फादर, एक, तेही उपकार केल्यासारखं. आणि कोपऱ्यातल्या टेबलावर ग्रेत्सिया, समोर तिकिटांची चादर पसरलेली.

ग्रेत्सिया म्हणजे नेनूची बायको. नेनू आमच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, गेल्या हिवाळ्यात गेला. मूलबाळ नाही. त्या दिवशी ती खोकत होती, अंगावर शाल, आणि बाहेर जुलैचं ऊन.

सोमवारी मार्तीझ कामावरून परत येताना तिच्याकडे गेली. मलाही ओढून नेलं. मी कोंबडीचं सूप घेतलं होतं. ग्रेत्सियाने दार उघडलं. आत टेबलावर तेल-टोमॅटो लावलेल्या पावाचा अर्धा तुकडा होता, आणि बाकी काही शिजल्याचा वास नव्हता. खुर्चीच्या पाठीवर नेनूचा बँडचा जुना कोट टांगलेला. जुने गणवेश काढले तेव्हा त्याने कोट घरी मागून घेतला होता, पण बटणं क्लबाने उतरवून घेतली होती. आता त्यावर सगळी बटणं होती. दोन्ही रांगा, बाह्यांवरची, खांद्यावरची.

"किती सुंदर झालाय गं," मी म्हटलं.

"त्याला बिनबटणाचा बघवत नव्हता," ग्रेत्सिया म्हणाली. "रोज बडबडायचा, उघडं पडल्यासारखं वाटतं म्हणून. म्हटलं, भरून टाकू."

मार्तीझने कोटाला हात लावला. "ग्रेत्सियामावशी, हा कधी पुरा झाला?"

"झाला की. त्या गाढवाच्या आधीच."

"मग परवा एवढी तिकिटं?"

ग्रेत्सियाने कपाट उघडलं. आत लोणच्याची मोठी बरणी, बटणांनी भरलेली. तिने ती आमच्याकडे बघत नुसती हलवली. "शनिवार आला की हात थांबत नाही गं," ती म्हणाली. "आणखी एक मिळेल म्हणून वाटतं. मिळालं की बरं वाटतं, घरी येईपर्यंत. तू मला ओरडणार आहेस का?"

"नाही."

"मग ते सूप खाली ठेव, चेत्ता. थंड होतंय."

आम्ही ती जेवेपर्यंत बसलो.  परत येताना कोपऱ्यावर, बेकरीपाशी थांबून मार्तीझ म्हणाली, "नन्ना, क्लबाचा सगळा जास्तीचा फायदा त्या एका बाईच्या खिशातून येतोय. एकटीच्या. आपण तिचं दुपारचं जेवण गल्ल्यात टाकतोय."

पुढच्या शनिवारी बटणं बंद. सुर विस्तिन भांडले, लालवाल्यांना विकली गेलीस म्हणाले. मार्तीझने सगळ्यांदेखत त्यांच्या हातात आकडे काढायची पिशवी ठेवली. "घ्या, तुम्ही पुकारा." ते पुकारायला लागले आणि तिसऱ्या आकड्याला, काही ऐकू येईना म्हणून, बायकांनीच त्यांना खाली बसवलं.

पण खरा प्रश्न काचेच्या इमारतीत होता. तिने हाकनला सांगून निम्म्या लोकांचे पॉइंट काही आठवडे बंद करायला लावले, निम्म्यांचे चालू ठेवले, आणि दोन्ही गटांकडे बघत राहिली, आमच्या तिकिटांकडे बघितलं तशी. उन्हाळा संपत आला तेव्हा हाकनने सगळ्यांना बसवून विचारलं. रामोना तिथेच होती. तिने घरी येऊन जसं सांगितलं तसं लिहिते.

"मार्तीझ, फायदा होतो का?"

"भेटी ज्यांना देतो त्यांच्याकडून होत नाही. मोठे खेळणारे पॉइंट काढले तरी तेवढंच खेळले. कित्येकांना तर कळलंही नाही. आणि जे भेटींसाठीच येतात, ते दुसऱ्या वेबसाइटवर मोठी भेट दिसली की पळतात."

"म्हणजे कुठूनच नाही?"

"होतो. मूठभर माणसांकडून. पुढच्या पायरीला थोडे पॉइंट कमी पडतायत म्हणून झोप मोडून खेळणारी. पण ती टिकत नाहीत. एक तर पैसे संपतात, नाहीतर तीच कळवतात की माझं खातं कायमचं बंद करा."

"ती गेली की नवी येतात," हाकन म्हणाला. वाईट हेतूने नाही, विचारायचं म्हणून.

"येतात. त्यांना ओढून आणायला जाहिरातींचा खर्च आहे. तो धरला, वर सगळ्यांच्या भेटी धरल्या, तर हातात काही उरत नाही." मग ती थांबली आणि म्हणाली, "उरलं असतं तरी मी बंदच करा म्हटलं असतं. ते का, हे मला तुमच्या पडद्यावर दाखवता येत नाही. आमच्या गावात या, एक कोट दाखवते."

"तू काय बंद करायला सांगतेयस ते कळतंय ना तुला?"

"माझंच टेबल. पण या चौघींना आधी जागा द्या, मग माझं बोला."

रामोना घरी येऊन माझ्यावरच ओरडली. "नन्ना, तिला खरं बोलायला सांगितलं कुणी? प्रमुख झाली असती! आम्ही सगळ्या वर गेलो असतो!"

"मग तू का नाही मध्ये बोललीस?"

"मी काय बोलणार? ती खरंच बोलत होती ना!" आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी तिला खजुराच्या गरम वड्या तळून दिल्या. रडतानाही चार खाल्ल्या, म्हणजे फार काही बिघडलं नव्हतं.

विभाग बंद झाला. चौघींना दुसरीकडे टेबलं मिळाली, रामोना आता पैसे परत करण्याच्या कामावर आहे आणि साहेबाला नावं ठेवते, म्हणजे रुळली. मार्तीझला काय द्यायचं हे हाकनला बरेच दिवस कळेना. ती घरीच होती. सकाळी आईची लिंबोणी छाटायची, दुपारी क्लबात येऊन वालाच्या बिया निवडायची. मी विचारलं, घाबरलीस का? "हो," म्हणाली, "फार. पण झोप येते."

मग तिला बोलावलं. जुन्यापेक्षा कमी पगार, एक कोपरा, एक फोन. जो माणूस एकाएकी जास्त खेळायला लागेल त्याला फोन करायचा. याने वेबसाइटचा फायदा होईल का हे हाकनने विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. मलाही ठाऊक नाही. वेबसाइटवाले तिचा तो कोपरा अजून चालवतायत, एवढं खरं.

ग्रेत्सिया दर शनिवारी येते. बटणं बंद झाली त्या पहिल्या शनिवारी तिने हात पुढे केला होता, बटणासाठी. मार्तीझने त्यात पस्तीत्सी ठेवली. लालवाल्यांची बघून आम्हीही आता ठेवतो. ग्रेत्सियाने हातातल्या पस्तीत्सीकडे बघितलं, मग मार्तीझकडे, आणि म्हणाली, "चीजची नाही, वाटाण्याची दे." आता ती दोन तिकिटं घेते. कधी तीन. तीन झाली की मार्तीझ पुकारता पुकारता तिच्याकडे एक नजर टाकते, आणि ग्रेत्सिया तिसरं शालीखाली सरकवते. बरणी अजून कपाटात आहे. कुणी मागितली नाही.

गेल्या शनिवारी दोन खेळांच्या मध्ये मार्तीझचा फोन वाजला. कुणीतरी एकाएकी जास्त खेळायला लागलंय, असा कामाचा निरोप. ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि त्या माणसाला फोन लावला. मी चहा घेऊन मागे गेले, तेव्हा ती कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. चेहरा नाही, नाव खोटं, देश कुठला देव जाणे. मला तिचं इंग्रजी थोडंच कळतं, पण पहिलं वाक्य कळलं.

"काही विकायला फोन नाही केला," ती म्हणत होती. "आज जेवलात का?"

आणि मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. आत बायका टेबलं बडवायला लागल्या, सुर विस्तिन पिशवी घेऊन आशेने उठू लागले. मी दारात उभी राहिले आणि त्यांना म्हटलं, "बसा खाली. ती येतेय."